नेत्यांचा स्मार्टफोन : कान कुठून लागतो?

नेत्याच्या मोबाइलमध्ये काय नसतं? बैठकांच्या वेळा, पक्षातली भांडणं, अधिकाऱ्यांचे निरोप, सगळं एकाच ठिकाणी. केंद्रीय मंत्रिमंडळाच्या बैठकीत फोन आत न्यायला २०१६ साली खुद्द मंत्र्यांनाच मनाई झाली, ती उगीच नाही.

फोन ऐकण्याचा सर्वांत जुना रस्ता मोबाइल कंपनीतून जातो. १८८५ च्या तार कायद्याच्या कलम ५(२) खाली ही टॅपिंग अनेक वर्षे चालली. राज्यात गृह सचिवाचा लेखी आदेश लागतो. आदेश ६० दिवसांचा, वाढवून जास्तीत जास्त १८०. साधा कॉल असा ऐकला जातो तेव्हा फोन दहा हजारांचा की लाखाचा, काही फरक पडत नाही. सगळी भिस्त कागदावर. आणि आपल्या महाराष्ट्रात बोट ठेवलं गेलं ते या कागदावरच.

जुलै २०२१ मध्ये नाना पटोले यांनी विधानसभेत सांगितलं की, २०१६-१७ मध्ये ते भाजपचे खासदार असताना त्यांचा नंबर 'अमजद खान' या नावाने टॅप झाला. कारण दिलं होतं अमली पदार्थांचं. बच्चू कडू यांच्या नंबरासमोर 'निजामुद्दीन बाबू शेख' असं नाव असल्याचंही समोर आलं. आम्हाला इथे जरा थांबावंसं वाटतं. खोटं नाव हवं होतं, तर ते आपल्याच मोहल्ल्यातलं का सुचलं? अशा नावापुढे 'ड्रग्ज' लिहिलं की सही करणारा दुसरा प्रश्न विचारणार नाही, असंच कुणाला तरी वाटलं असावं. या प्रकरणी २०२२ मध्ये पुण्यात आयपीएस अधिकारी रश्मी शुक्ला यांच्यावर गुन्हा नोंदला गेला. संजय राऊत आणि एकनाथ खडसे यांच्या फोनवरून दुसरा गुन्हा मुंबईत. दोन्ही गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये रद्द केले.

दुसरा रस्ता फोनच्या आतला. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं पेगासस लिंकवर बोट न लावताही फोनमध्ये शिरतं. मग कॅमेरा, माइक, मेसेज सगळं खुलं. व्हॉट्सॲपचं कुलूप इथे कामाचं नाही, कारण चोर दाराबाहेर नसून घरातच बसलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले. ५ मध्ये घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगाससच असल्याचं सिद्ध झालं नाही. केंद्राने सहकार्य केलं नाही, हेही न्यायालयात नोंदलं गेलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये असदुद्दीन ओवेसी, प्रियंका चतुर्वेदी आदींच्या आयफोनवर ॲपलचा इशारा आला, की सरकारी पाठबळ असलेले हल्लेखोर तुमच्या मागे असू शकतात. कोणतं सरकार, ते ॲपलने सांगितलं नाही.

तिसरा रस्ता मात्र चितेगावच्या चहाच्या टपरीवरही माहीत आहे : खातंच पळवणं. ११ ऑगस्ट २०२४ रोजी खासदार सुप्रिया सुळे यांनी फोन आणि व्हॉट्सॲप हॅक झाल्याचं जाहीर करून कुणी कॉल-मेसेज करू नये, अशी विनंती केली आणि पोलिसांत तक्रार दिली. अशा चोरीत सहसा ओटीपी काढून घेतला जातो. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सहा आकडी पिन ठेवला, तर नुसत्या ओटीपीवर खातं जात नाही. पेगाससच्या धास्तीतल्यांसाठी आयफोनमध्ये २०२२ पासून 'लॉकडाउन मोड' आहे. कागदावरच्या अमजद खानला मात्र यातलं कुठलंच बटण चालत नाही.