शेपटीत भोक नसलेलं जेट

भंडाऱ्याच्या घरी कपाटावर १/७२ मापाचं सी हॉक ठेवलंय. आमच्याकडे समुद्र नाही, वैनगंगा आहे, तरी येणारा-जाणारा त्याला हात लावतोच. परवा भाच्याने विचारलं, "मामाजी, याचा धूर कुठून निघते?"

प्रश्न एकदम मुद्द्याचा! जेटच्या शेपटीत मोठं भोक असतं, याच्या नाही. हॉकर कंपनीच्या इंजिनिअरांनी इंजिनमागची नळी दोन फाट्यांत वाटून तोंडं पंखांच्या मुळाशी काढली. मागची जागा मोकळी झाली, तिथे इंधनाची टाकी बसली. एक टाकी पुढे, एक मागे, म्हणजे इंधन संपत गेलं तरी तोल सांभाळला जातो. आहे त्या जागेत मेमरी वाढवल्यासारखंच. नमुना विमान २ सप्टेंबर १९४७ ला उडालं. ब्रिटिश वायुदलाने रस दाखवला नाही, आरमाराने घेतलं.

महायुद्धात सूर मारून बॉम्ब टाकणारी खास विमानं असायची. १० एप्रिल १९४० ला ब्रिटिश आरमाराच्या स्कुआंनी बर्गेन बंदरात जर्मन क्रूझर बुडवली ती अशीच. जेट आल्यावर हे काम फायटरच्याच गळ्यात पडलं.

आपल्या ३०० स्क्वाड्रनकडे सी हॉक १९६० मध्ये आली. पुढे पश्चिम जर्मनीची वापरलेलीही घेतली, त्यांची उभी शेपटी जास्त उंच. मॉडेलवाल्यांनो, नंबर चिकटवण्याआधी शेपटी बघा!

१९७१ पर्यंत हे डिझाइन चांगलंच जुनाट झालं होतं. त्यात 'विक्रांत'च्या चारपैकी एका बॉयलरला तडे. वेग कमी म्हणजे डेकवर समोरून येणारा वारा कमी, आणि विमान फेकणाऱ्या कॅटापल्टलाही वाफ त्याच बॉयलरांची. तरी ४ डिसेंबरला सकाळी आठ सी हॉक कॉक्स बाजारवर गेली, दुपारी चितगाववर. नेतृत्व लेफ्टनंट कमांडर संतोष कुमार गुप्तांचं. त्यांना महावीर चक्र मिळालं. युद्धभर गोळ्या लागल्या, पण एकही सी हॉक पडलं नाही. कौतुक मात्र सगळं जहाजाच्या वाट्याला गेलं, असं आपलं माझं मत.

१९८३ मध्ये ती निवृत्त झाली. 'विक्रांत' २०१४ मध्ये भंगारात गेली. गोव्यात दाबोळीच्या नौदल विमान संग्रहालयात मात्र खरं सी हॉक उभं आहे. बीचवर जाताना जरा वाट वाकडी करा, आणि ते मागून बघा.