फुलदाणी कुणाची? विजापूर, जपान आणि आपली ईद

ईदच्या दिवशी काचेच्या भांड्यात चार ताजी फुले जपानी पद्धतीने मांडली, की कुणीतरी म्हणतेच, ‘हे आपले नाही, बाहेरचे फॅड आहे.’ तासगावात हे मी अनेकदा ऐकले आहे. बोलणाऱ्याच्या मागे शोकेसवर बहुधा प्लास्टिकचे गुलाब असतात. ते मात्र आपले!

आधी शब्द पाहू. फुलदाणीतले ‘दाणी’ फारसी ‘दान’वरून आले. गुलदस्ता म्हणजे गुल आणि दस्ता, मुठीत मावेल एवढी फुलांची जुडी. मशिदीच्या छतावर कोपऱ्यांत जे फुलोऱ्यासारखे सुळके असतात, त्यांनाही स्थापत्यात गुलदस्ताच म्हणतात. औषधाची शिशी ‘शीशा’तून, म्हणजे काचेतून आली.

मिरज-तासगावचा हा मुलूख एके काळी विजापूरच्या आदिलशाहीत होता. विजापुरात मुहंमद आदिलशहाच्या काळातला, साधारण १६४६ चा आसार महाल आहे. मूळचा न्यायनिवाड्याचा, पुढे पैगंबरांच्या पवित्र अवशेषासाठी राखलेला. त्याच्या वरच्या मजल्यावरील भिंतींवर फुलांनी भरलेल्या फुलदाण्या रंगवल्या आहेत. बरेच रंग आज उडाले आहेत. आपल्या घरातून एका दिवसात जाऊन येण्याजोग्या अंतरावर ही चित्रे झिजत आहेत आणि आपण फुलदाणीला परकी म्हणतो, याची मला खंत वाटते.

मोगलांकडेही हेच दिसते. नूरजहाँने आग्र्यात वडिलांसाठी १६२२ ते १६२८ दरम्यान बांधलेल्या इतिमाद-उद-दौला मकबऱ्यावर रंगीत दगडांत फुलदाण्या आणि सुरया जडवल्या आहेत. दिल्लीच्या लाल किल्ल्यातील सावन-भादो मंडपांत पाण्याच्या पडद्यामागे छोटे कोनाडे आहेत. दिवसा त्यांत फुलदाण्या ठेवत, रात्री दिवे. फूल पाण्याआडून बघण्याची हौस तेव्हाही होती.

म्हणून इकेबाना विजापूरहून जपानला गेली, असे मी म्हणणार नाही. तिचा रस्ता वेगळा. बुद्धापुढे फूल वाहण्याची रीत भारतातून चीन-कोरियामार्गे तिकडे पोचली. क्योटोच्या रोक्काकुदो मंदिरातील इकेनोबो पुरोहितांनी पंधराव्या शतकात तिला कलेचे रूप दिले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ओहारा उन्शिन यांनी पसरट भांड्यातली मोरिबाना आणली, तर १९२७ मध्ये सोफू तेशिगाहारा यांनी सोगेत्सु शाळा काढली. आदिलशाही फुलदाणी गच्च भरलेली, दोन्ही बाजूंना सारखी, जन्नतच्या बागेसारखी. इकेबाना मोकळी जागा सोडते आणि एका बाजूला झुकते. दोन्ही मला आवडतात. छोट्या घरात दुसरी स्वस्त पडते, हेही खरे.

सोगेत्सुचा हिशेब सोपा आहे. भांड्याची रुंदी आणि उंची यांची बेरीज करायची. १० सेंटीमीटर रुंद, २० उंच बरणी असेल तर ३०. त्याच्या दीडपट, म्हणजे ४५ सेंटीमीटरची मुख्य फांदी, ‘शिन’. तिच्या पाऊणपट ‘सोए’, साधारण ३४. त्याच्याही पाऊणपट ‘हिकाए’, साधारण २५. काचेत खिळ्यांची चकती, म्हणजे केन्झान, दिसते आणि शोभा जाते. त्यापेक्षा बरणीच्या तोंडात काटकीचा आडवा तुकडा घट्ट बसवून देठ त्यावर टेकवावेत. पाण्याखालची पाने काढून टाकावीत, नाहीतर दुसऱ्या दिवशी वास सुटतो. काचेत देठही दिसतात, तेव्हा त्यांची मांडणीसुद्धा फुलांइतकीच महत्त्वाची.

जपानी नववर्षाची सामग्री ठरलेली: पाइन, बांबू, प्लम. ईदचे तसे नाही. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, त्यामुळे साधारण ३३ वर्षांत ईद सगळे ऋतू फिरून येते. तिचे फूल दर काही वर्षांनी बदलते. कधी मोगरा, कधी शेवंती, कधी निशिगंध.

फांदीसाठी तासगावकराला दूर जावे लागत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीत आणि ऑक्टोबरच्या छाटणीत द्राक्षबागेच्या बांधावर काड्यांचे ढीग पडतात. गाठाळ, वाकडी काडी शिनसाठी उत्तम. तिच्याजवळ निशिगंधाचा एक दांडा, खाली दोन शेवंती. रथोत्सवाचे हार आणि उरुसाची चादर ज्याच्याकडे मिळते, त्याच फुलवाल्याकडे ही फुलेही मिळतात.