लोकसहभागी कलाकाम आणि अनुदान : सीमाभागातील कलावंतांसाठी माहिती

बेळगावच्या शिवजयंतीचे चित्ररथ, गावोगावची भजनी मंडळे आणि लेझीम पथके, कडोली, उचगाव, येळ्ळूर येथील साहित्य संमेलने यांचा खर्च मुख्यतः वर्गणीतून निघत आला आहे. वर्गणीतून मंडप उभा राहतो, स्पीकरचे भाडे आणि जेवणावळ भागते. मात्र महिना-दोन महिने रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुलांची तालीम घेणाऱ्या दिग्दर्शकाचे, ढोलकीवाल्याचे किंवा शाहिराचे मानधन त्या हिशेबात बहुधा नसते. शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, पण त्यातून घरभाडे निघत नाही. कलेवरच पोट असलेल्या आणि लोकांना सोबत घेऊन काम करणाऱ्या कलावंताला कोठून साहाय्य मिळू शकते, याची ही माहिती आहे.

सीमाभागात पहिला प्रश्न रहिवासाचा येतो. राज्य सरकारच्या योजना भाषा पाहत नाहीत, रहिवासी दाखला पाहतात. महाराष्ट्र शासनाची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठीची मानधन योजना आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते. 2024 पासून तिचे मानधन दरमहा 5,000 रुपये आहे, पण ती महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी आहे. देवचंद कॉलेज असलेले अर्जुननगर निपाणीला लागून आहे, पण ते कोल्हापूर जिल्ह्यात येते. त्यामुळे तेथील शाहीर या योजनेला अर्ज करू शकतो आणि निपाणीतील शाहीर करू शकत नाही. निपाणीकराने कर्नाटकच्या कन्नड आणि संस्कृती खात्याकडे जावे. वृद्ध कलावंतांचे मासाशन आणि संस्थांना साहाय्य या दोन्ही योजना तेथे आहेत. संस्थांचे अर्ज सेवा सिंधू पोर्टलवरून घेतले जातात. अर्ज भरताना कन्नड चांगले येणारा एखादा सभासद सोबत असावा, निम्मी अडचण तेथेच सुटते.

केंद्राच्या योजनांना ही हद्द आड येत नाही. नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन्ही राज्ये आहेत. तंजावरच्या दक्षिण क्षेत्र केंद्रातही कर्नाटक आहे. लोप पावत चाललेल्या कला शिकवण्यासाठी क्षेत्र केंद्रे गुरु-शिष्य परंपरा योजना चालवतात. तिच्यात गुरूला दरमहा 7,500, साथीदाराला 3,750 आणि शिष्याला 1,500 रुपये असा दर ठरलेला आहे. रक्कम मोठी नाही. तरीही येथे पैसा शिकवण्याच्या कामाला मिळतो, कार्यक्रमाच्या एका रात्रीला नव्हे, आणि साथीदारही त्यात धरलेला असतो. म्हणूनच आपल्या भागातील जुन्या जाणत्या वादकांसाठी ही योजना मला सर्वांत जवळची वाटते.

संस्कृती मंत्रालयाच्या थेट अनुदानात गुरूला दरमहा 15,000 रुपये आणि शिष्यांना वयानुसार 2,000 ते 10,000 रुपये मिळतात. ते नाट्य, संगीत, नृत्याच्या नोंदणीकृत संस्थांसाठी आहे. अर्ज संस्थेने करायचा असतो, त्यामुळे एकट्या कलावंताने मंडळाशी आधी बोलून घ्यावे. एकट्यासाठी फेलोशिप आहे : 25 ते 40 वयोगटाला दरमहा 10,000 आणि त्यावरील वयाला 20,000 रुपये, दोन वर्षे. मात्र तिथे अभ्यासाचा ठोस विषय लागतो. ‘गावात कार्यशाळा घेईन’ एवढे पुरत नाही.

लोकसहभागाच्या कामाला सर्वांत नेमकी बसणारी वाट सरकारी नाही. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था 1993 मध्ये स्थापन झाली आणि 1995 पासून ती अनुदाने देते. तिच्या कलि-कलिसु, म्हणजे ‘शिक आणि शिकव’, या उपक्रमात कर्नाटकातील सरकारी शाळांचे शिक्षक आणि अशा शाळांत काम करू इच्छिणारे कलावंत अर्ज करू शकतात. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील सरकारी मराठी शाळा डोळ्यांसमोर आणा. गावची लोकगीते, यात्रा, शेतीची अवजारे, आजीच्या ओव्या यांवर मुलांसोबत वर्षभर काम करण्याचा प्रस्ताव येथे शोभेल. संस्था इंग्रजीखेरीज इतर भारतीय भाषांतही प्रस्ताव स्वीकारते, म्हणजे मराठीत लिहायला हरकत नाही. प्रस्तावात कलावंताचे मानधन वेगळे दाखवा. संकोचाने ते शून्य लिहिणारे आपल्याकडे फार.

कारखान्यांकडे जायचे असेल तर कंपनी कायदा 2013 च्या सातव्या परिशिष्टात पारंपरिक कलांचा विकास हा सामाजिक दायित्वाचा विषय म्हणून दिलेला आहे. त्यासाठी संस्थेकडे प्राप्तिकराची 12ए आणि 80जी नोंदणी असावी लागते आणि सीएसआर-1 अर्ज भरलेला असावा लागतो.

कागदपत्रांची तयारी मात्र आधीपासून हवी. मंत्रालयाच्या अनुदानासाठी संस्थेची नोंदणी, दर्पण पोर्टलचा क्रमांक आणि मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब लागतात. पुष्कळ मंडळे येथेच अडतात, कारण वर्गणीची पावतीपुस्तके असतात पण ताळेबंद नसतो. अनुदान मिळाल्यावर विनियोग प्रमाणपत्र द्यावे लागते, म्हणून तालमीची हजेरी, फोटो आणि मानधनाच्या सह्या पहिल्या दिवसापासून ठेवाव्यात. दर आणि मुदती बदलतात. अर्जापूर्वी त्या वर्षीची सूचना वाचावी.