खोंड, कोंबडा आणि नस

नोकरीतली तेहतीस वर्षं मी खोंड बडवले. हुद्दा पशुधन पर्यवेक्षकाचा, मुलूख माण-आटपाडीचा, म्हणजे खिल्लारचा. लोक तोंडावर ‘डॉक्टर’ म्हणत, पाठीमागे ‘ढोरांचा डॉक्टर’. निवृत्तीनंतर दुपारची पेंग आणि उगाचची चिडचिड सुरू झाली, तेव्हा मुलीनं मला रक्त तपासायला पाठवलं. सकाळी आठलाच जा म्हणाली, कारण टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं. आयुष्यभर ज्याचा कारखाना बंद पाडत हिंडलो, त्याचाच हिशोब स्वतःच्या नावानं कागदावर आला, तेव्हा हसू आलं.

अंडील खोंडाचं वशिंड मोठं, मान जाड, नजर वाईट. बडवल्यावर तोच गडी दोन-तीन महिन्यांत जुवाला मान देतो. तरी आमच्याकडचे जुने शेतकरी घाई करत नसत. खांदा भरू दे, मग बोलवू म्हणत. ‘हार्मोन’ हा शब्द इंग्रजीत आला १९०५ साली. पण अंडात असं काहीतरी आहे जे मानेपर्यंत आणि डोक्यापर्यंत पोचतं, हे दावणीला बांधलेलं ज्ञान होतं.

ते पोचतं कसं, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. ते दाखवलं कोंबड्यानं. १८४९ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनला आर्नोल्ड बेर्टोल्ड यांनी सहा कोंबड्यांची अंडं काढली. काहींच्या पोटात ती परत ठेवली, पण मूळ जागी नाही, आतड्यांपाशी. त्या कोंबड्यांचा तुरा लाल राहिला, ते आरवले, भांडले, माद्यांमागे धावले. बाकीचे मऊ पडले. जुने मज्जातंतू तुटलेले होते, तेव्हा निरोप रक्तातूनच गेला असणार, असं बेर्टोल्ड यांनी लिहिलं. चार पानांचा लेख. पुढची पन्नास वर्षं तो फारसा कुणी उघडला नाही.

मग आली म्हाताऱ्यांची पाळी. १ जून १८८९, पॅरिस. ब्राऊन-सेकार हा नामांकित शरीरशास्त्रज्ञ, वय बहात्तर, विद्वानांच्या सभेत उभा राहिला आणि म्हणाला की मी कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या अंडांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आहे. जिने चढवतात, हातातली ताकद यंत्रावर वाढलेली दिसते, लघवीची धारसुद्धा लांब जाते. त्यानं तीही मोजली होती! या माणसाची मला गंमत वाटते आणि कीवही येते. अर्क पाण्यात काढलेला, आणि टेस्टोस्टेरॉन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्याला चढली ती आशा. आपल्याकडे सुश्रुतानं वाजीकरणात बोकडाची अंडं दुधात शिजवायला सांगितली आहेत. कल्पना तीच, आणि अडचणही तशीच: पोटातून गेलेलं टेस्टोस्टेरॉन यकृत बहुतेक सगळं मोडून टाकतं.

पुढे दुकानंच निघाली. पॅरिसला व्होरोनॉफ १९२० पासून श्रीमंत म्हाताऱ्यांना माकडाच्या अंडाच्या चकत्या लावत होता. अमेरिकेत कॅन्ससचा ब्रिंकली बोकडाची अंडं बसवून प्रत्येकी साडेसातशे डॉलर घ्यायचा. एस.टी. स्टँडमागच्या भिंतीवरच्या जाहिराती वाचून मोठ्या झालेल्या माणसाला यात नवल नाही.

मला गुंतवून ठेवलं ते व्हिएन्नाच्या ऑयगेन श्टायनाखनं. त्याचं म्हणणं असं की वीर्यनलिका बांधली की बीज करणाऱ्या पेशी आकसतात, त्यांच्या मधल्या पेशींना जागा मिळते, त्या जास्त रस सोडतात आणि माणूस पुन्हा तरुण होतो. १९१८ साली पहिली शस्त्रक्रिया झाली. १९२३ मध्ये जबड्याच्या कर्करोगानं गांजलेल्या फ्रॉइडनं ती करून घेतली. १९३४ मध्ये आयरिश कवी येट्सनं लंडनला करून घेतली आणि आपली कविता परत फुटली असं तो सांगत राहिला.

ही शस्त्रक्रिया म्हणजे, एवढातेवढा फरक सोडला तर, आपली नसबंदी.

मी बारा वर्षांचा होतो, १९७६ साल. वडील प्राथमिक शिक्षक. शिक्षकांना नसबंदीची ‘केस’ आणायचं फर्मान होतं. केस नाही तर पगार नाही. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयकसुद्धा मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. १९७६-७७ मध्ये देशात ८० लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत ६० लाखांहून जास्त पुरुष. वडील वस्तीवर गेले की शेजारचे आबा एकच विचारत, “गुरुजी, नस कापल्यावर माणसाचा बैल हुतो का वो?” वडिलांकडे उत्तर नव्हतं. ते मराठी शिकवत.

उत्तर माझ्या हातात पुढे आलं, चिमट्याच्या रूपानं. हा चिमटा इटलीच्या बुर्दिझ्झोचा. चामडी फुटत नाही, पण आतली सगळी दोरी चिरडते आणि तिच्यातल्या रक्तवाहिन्याही. रक्त बंद म्हणून अंड वाळतं, आणि वाळलं म्हणून बैल होतो. नसबंदीत कापतात ती एकच बारीक नळी. रक्त चालूच राहतं, आणि टेस्टोस्टेरॉन रक्तातूनच जातं. तेव्हा आबांची भीतीही चुकीची आणि येट्सचा भरवसाही. तरी आबांना मी अडाणी म्हणणार नाही. त्यांनी बैल पाहिले होते. व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी बहुतेक उंदीर.

खरा पदार्थ हाती लागला तोही वळूंकडूनच. शिकागोला कॉक यांनी १९२७ मध्ये कत्तलखान्यातल्या चाळीस पौंड अंडांतून वीस मिलिग्रॅम अर्क काढला आणि बडवलेल्या कोंबड्याचा तुरा त्यावर वाढवून दाखवला. १९३५ साली ॲम्स्टरडॅमला लाकर यांच्या चमूनं शंभर किलो अंडांतून दहा मिलिग्रॅम शुद्ध स्फटिक काढले आणि नाव दिलं टेस्टोस्टेरॉन. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी ते कोलेस्टेरॉलपासून बनवलं. आता नवा प्रश्न उभा राहिला: हे कुणाला द्यायचं? १९४४ मध्ये हेलर आणि मायर्स या अमेरिकन डॉक्टरांनी थकल्याभागल्या पुरुषांची लघवी तपासली. काहींच्यात मेंदूखालच्या ग्रंथीचा रस खच्ची केलेल्या माणसाइतका वाढलेला. त्यांना टेस्टोस्टेरॉन लागू पडलं. बाकीच्यांचं दुखणं दुसरंच होतं. बायकांची पाळी जाते तसं पुरुषाचं एका वळणावर काही थांबत नाही. चाळिशीच्या आसपासपासून वर्षाला टक्काभर उतरतं, आणि वाढलेलं पोट, साखर, अपुरी झोप त्याला आणखी खाली ओढतात.

माझा आकडा ४१२ आला. तीनशेच्या वर म्हणजे ठीक, मुलगी म्हणाली, आणि तिनं माझा रात्रीचा टीव्ही बंद केला.

वडिलांना शेवटपर्यंत केस मिळाली नाही. मग त्यांनी स्वतःचंच नाव लिहिलं आणि शिबिरात जाऊन झोपले. त्यानंतर वर्षभर आबा त्यांना निरखत होते. आवाज पातळ होतो का, मान उतरते का. चैत्रात वडील शिखर शिंगणापूरच्या पायऱ्या न थांबता चढले, तेव्हा आबा खालीच धापा टाकत बसले होते.

“गुरुजी,” परतताना ते म्हणाले, “त्यो क्यांप अजून हाय का वो?”