पायाला बांधलेली चिठ्ठी

हिवाळ्यात नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरला गेलेला माणूस चापडगावच्या मनोऱ्यावरून खाली उतरायच्या आत त्याने काढलेला पक्ष्याचा फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पडलेला असतो. सोबत एकच शब्द, ‘आयडी?’ थोड्या वेळात तीन उत्तरं येतात, तिन्ही वेगळी, आणि मग दुपारच्या जेवणापर्यंत वाद चालतो. गोदावरी-कादवेच्या संगमावर बंधाऱ्यामागे गाळ साचून तयार झालेली ही पाणथळ. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी तिला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं होतं आणि २०२० साली ती राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली. तिथे अनोळखी पक्षी दिसणारच. पण त्याचं नाव फोटोवरून ठरवायची रीत अगदी अलीकडची.

आधी नाव ठरायचं बंदुकीने. पक्षी पाडायचा, कातडं सोलून आत कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची: ठिकाण, तारीख, नर की मादी, कोणी मारला. १९०८ साली छर्‍याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन शाळकरी सालिम मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत (बीएनएचएस) गेला, तेव्हा तिथल्या मिलर्ड साहेबांनी कपाटाचे खण उघडून असेच पेंढा भरलेले पक्षी त्याच्यापुढे मांडले आणि नाव सांगितलं. माझ्या मते आपल्याकडच्या ‘आयडी?’चा मूळपुरुष हाच.

बंदूक खाली ठेवायला लावली ती पुस्तकांनी. अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसनने १९३४ साली चित्रांवर बारीक रेघा ओढून दाखवलं की, लांबून बघताना पक्ष्याच्या नेमक्या कुठल्या खुणेकडे पाहायचं. १९४१ साली सालिम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. कॅमेरा तेव्हाही होता, पण संथ. घरट्याशेजारी आडोसा करून तासन्‌तास बसायचं, म्हणजे पक्षी कोणता हे आधीच ठाऊक असायचं. उडत्या, अनोळखी पक्ष्याचा फोटो आधी काढायचा आणि नाव मागून विचारायचं, ही चैन डिजिटल कॅमेऱ्याने आणि लांब पल्ल्याच्या लेन्सने दिली.

या सगळ्या प्रवासाचा कस लागला तो नाशिकच्या शेजारी, खानदेशात. रानपिंगळा या छोट्या घुबडाचा पहिला नमुना १८७२ साली मध्य भारतात मिळाला; पुढच्या वर्षी पक्षिअभ्यासक ह्यूमने त्याचं वर्णन केलं. शेवटचा खरा नमुना १८८४ साली डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशात मिळवला. नंतर पक्षी दिसेनासा झाला. मधूनमधून रानपिंगळ्याचे म्हणून फोटो पुढे यायचे आणि तपासल्यावर साधे पिंगळे निघायचे. एका ब्रिटिश संग्रहालयात १९१४ सालचा, तापीकाठच्या मांडवीचा म्हणून आणखी एक नमुना होता. तो देणारे होते कर्नल माइनर्ट्झहागेन. पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षितज्ज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बारकाईने तपासला, तेव्हा कळलं की, तो जुन्या संग्रहातून चोरलेला, पुन्हा भरलेला आणि खोट्या चिठ्ठीचा होता. मग मांडवीचा नाद सोडून, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धुंडाळत त्या खानदेशात आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला मिळाला. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, छातीवर दाट पट्टे, पोटाखाली पांढरंशुभ्र, पायांवर पांढरी पिसं. या वेळी कोणी गोळी झाडली नाही. फोटो आणि व्हिडिओ पुरावा म्हणून पुरले.

म्हणजे खोट्या चिठ्ठीने जेवढं फसवलं, तेवढंच घाईने नाव दिलेल्या फोटोंनीही. नांदूर मधमेश्वरच्या चिखलातल्या तुताऱ्याच घ्या. हिरवी तुतारी आणि ठिपकेवाली तुतारी समोरून, उन्हाच्या तिरिपीत, मोबाईलच्या पडद्यावर सारख्याच दिसतात. उडाली की हिरव्या तुतारीच्या पंखांची खालची बाजू काळपट दिसते, ठिपकेवालीची फिकट. बसलेली असेल तर भुवई पाहावी: ठिपकेवालीची लांब, डोळ्यामागे गेलेली, हिरवीची डोळ्यापाशीच संपते. पण फोटो नेमका गुडघाभर पाण्यात, पाठमोरा. मग मर्लिनसारखं अ‍ॅप तोऱ्यात एक नाव सांगतं आणि बरेच जण तेच पुढे ढकलतात. अ‍ॅप मदतनीस चांगलं, पण पंच म्हणून कच्चं.

तेव्हा ग्रुपवर फोटो टाकताना नुसतं ‘आयडी?’ लिहू नका. ठिकाण, तारीख, वेळ लिहा. पक्षी काय करत होता, आवाज कसा होता, तेही लिहा. छाटलेल्या फोटोसोबत मूळ फोटो द्या आणि उडतानाचा एखादा धूसर फोटो असेल तर तो पुसू नका. नाव ठरलं नाही, तर ‘तुतारी, प्रकार अनिश्चित’ अशी नोंद ठेवा. तीही नोंदच असते.