पेडल स्टील गिटारची खुंटी

तंतुवाद्यांच्या इतिहासांत वादकाचें नांव राहतें, कधीं कारागिराचेंहि राहतें; खुंटीची आठवण मात्र ती बिघडल्यावरच होते. तंबोऱ्याची लांकडी खुंटी घसरूं लागली, तर तिला खडूची पूड लावून बसवितात आणि बैठक पुढें चालते. अमेरिकेंतील पेडल स्टील गिटारच्या खुंटीस हा उपाय चालत नाहीं. तो कां चालत नाहीं, हें त्या वाद्याच्या घडणीचा इतिहास पाहिल्यावांचून कळत नाहीं.

या वाद्याचें मूळ हवाई बेटांत आहे. इ. स. १८८९ च्या सुमारास ओआहू बेटावरील जोसेफ केकुकु या विद्यार्थ्यानें गिटार मांडीवर आडवी ठेवून तिच्या तारांवर पोलादाचा तुकडा सरकविण्याची रीत रूढ केली, असें मानतात. १९१५ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथील पनामा-पॅसिफिक प्रदर्शनांत हवाईच्या वादकांनीं अमेरिकेस या नादाचें वेड लाविलें. पुढें हीच हवाईयन गिटार भारतांतहि रुळली. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेंत शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर ब्रिजभूषण काबरा यांनीं ती वाजविली.

पोलादी पट्टी सरळ असते, हीच या वाद्याची अडचण होती. ती सर्व तारांना एकाच रेषेंत स्पर्श करते; त्यामुळें जी स्वरजुळणी एकदां लावली, तिच्याबाहेरचे स्वरसमूह सहज मिळत नाहींत. यावर अमेरिकन वादकांनीं प्रथम एकाच वाद्यास दोन-दोन, तीन-तीन माना जोडल्या. नंतर तारा पायानें ताणण्याची युक्ति निघाली. १९५४ सालीं वेब पिअर्स यांच्या 'स्लोली' या गाण्यांत बड आयझॅक्स यांनीं स्वर घुमत असतांनाच पेडल दाबलें, आणि एक तार स्थिर असतां दुसरी वर चढत जाण्याचा तो नाद अमेरिकेंतील कंट्री संगीताची ओळखच होऊन बसला. आज प्रचलित असलेल्या दहा तारांच्या एका जुळणींत पहिलें पेडल बी या स्वरास सी-शार्पपर्यंत चढवितें, तर दुसरें जी-शार्पचा ए करितें.

अशा रीतीनें एका तारेचे दोन धनी झाले. सर्वसाधारण आधुनिक रचनेंत मोकळ्या तारेचा स्वर खुंटीनें लावावयाचा, आणि पेडलानें चढणारा स्वर घोडीकडील यंत्राच्या टोकाशीं असलेल्या लहान चाक्यांनीं. स्वर ढळला म्हणजे दोष कोणाचा, हा प्रश्न तेव्हांपासून कठीण झाला. आणि बहुतेक वेळां आरोप येतो तो डोळ्यांसमोर दिसणाऱ्या खुंटीवर.

तो नेहमींच खरा नसतो. ही खुंटी धातूची असून तिच्या मुठीच्या दांडीवर मळसूत्र असतें. तें एका लहान दंतचक्रास फिरवितें, आणि चक्रास जोडलेल्या खांबावर तार गुंडाळलेली असते. मुठीचे बरेच फेरे झाल्यावर खांब एकदां फिरतो. मळसूत्र चक्रास फिरवितें, परंतु तारेच्या ओढीनें चक्र मळसूत्रास सहसा उलट फिरवूं शकत नाहीं. म्हणून मुठीस हात न लावतां स्वर उतरत असेल, तर नवी तार ताण घेत आहे काय, खांबावरील वेढे सैल आहेत काय, हें प्रथम पाहावें. पेडल सोडल्यावर तार मूळ स्वरावर येत नसेल, तर दोष बहुधा घोडीच्या यंत्रांत असतो.

झिजलेल्या खुंटीच्या खुणा निराळ्या आहेत. मूठ फिरते, पण खांब कांहीं काळ हलत नाहीं. खांब बोटानें डुगडुगतो. प्रत्येक फेऱ्यांत एकाच जागीं करकर होते. जुन्या प्लास्टिकच्या मुठी तर हातांतच चुरतात. थोडी मोकळीक नव्या खुंटींतहि असते. म्हणून स्वर नेहमीं खालून वर नेऊन लावावा, म्हणजे ती निघून जाते. शंका राहिलीच, तर त्याच बाजूच्या शेजारच्या खुंटीशीं अदलाबदल करावी. दोष खुंटीबरोबर गेला, तर खुंटी झिजली. जागेवरच राहिला, तर ती निर्दोष ठरली.

नवी खुंटी घेतांना जुनी नमुन्यादाखल जवळ ठेवावी. खांबाची जाडी व उंची, दांडीची लांबी, स्क्रूच्या भोंकांतील अंतर आणि डावी-उजवी बाजू हीं सर्व जुळलीं पाहिजेत. तार पूर्ण सैल केल्यावांचून स्क्रू काढूं नयेत. नवी खुंटी बसत नाहीं म्हणून जुन्या वाद्यास नवें भोंक पाडणें हें सर्वांत वाईट. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स यांनीं नॅशव्हिल येथें घडविलेल्या शो-बडसारख्या वाद्यांत अशी एक घाई कायमची खूण ठेवून जाते. काढलेली खुंटी फेंकूं नये. कागदांत गुंडाळून पेटींत ठेवावी. ज्या कारागिराच्या हातीं तें वाद्य पुढें जाईल, त्यास मूळ रचना कशी होती हें तिच्यावरूनच कळेल.