लेकीच्या जन्माचा सण : आठ सप्टेंबर



आपल्याकडं संतांचा मोठा दिवस म्हणजे बहुतेक वेळा समाधीचा दिवस. कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत ज्ञानेश्वर माउलींचा समाधी सोहळा असतो, फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूत तुकाराम बीज असते. कॅथलिक ख्रिस्ती लोकांचंही असंच आहे. त्यांच्या संतांचे सण सहसा मृत्यूच्या दिवशी येतात. संत देवाघरी गेला, तोच त्याचा खरा जन्मदिवस, असं ते मानतात.

पण त्यांच्या पंचांगात तिघांचा जन्म सण म्हणून पाळला जातो. पहिला येशू ख्रिस्ताचा, २५ डिसेंबरला. तो नाताळ आपल्याला माहीत आहे. दुसरा संत योहानाचा, २४ जूनला. आणि तिसरा येशूची आई मरिया हिचा, ८ सप्टेंबरला. तिघांत ही एकच मुलगी. आज तिच्याच सणाविषयी बोलू.

मरियेच्या जन्माची हकिगत बायबलमध्ये नाही. ती आली ती इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या एका जुन्या पुस्तकातून. चर्चनं ते पुस्तक बायबलमध्ये घेतलं नाही, पण त्यातली कथा लोकांच्या मनात राहिली. योवाकीम आणि ॲना हे नवराबायको. घरी सगळं होतं, मूल नव्हतं. योवाकीम मंदिरात दान घेऊन गेला, तेव्हा तुला मूलबाळ नाही, तुझा मान पहिला कसा, असं म्हणून त्याला अडवलं. तो अपमान सोसून रानात निघून गेला. इकडं ॲना बागेत झाडाखाली बसून रडली. पाखरांना पिल्लं होतात, धरणीला पीक येतं, मीच का अशी, हे तिचं दुःख. मूल नाही म्हणून हळदीकुंकवाला कुणी बोलावत नाही, अशी बाई आपल्याही गावात असते. तिला हे दुःख वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

पुढं देवदूत येऊन तिला सांगतो की तुला मूल होईल. तेव्हा ॲना म्हणते की मुलगा होवो की मुलगी, मी ते देवाला वाहीन. दिवस भरतात. बाळंत झाल्यावर ती सुईणीला विचारते, काय झालं? सुईण सांगते, मुलगी. आणि ॲनाला धन्य वाटतं. मुलीचा पहिला वाढदिवस आला तेव्हा योवाकीमनं मोठं जेवण घातलं, असंही त्या कथेत आहे.

हा इतिहास नव्हे, श्रद्धेची कथा आहे. पण अठराशे वर्षांपूर्वी कुणीतरी ती अशी लिहिली, याला महत्त्व आहे. सुईणीच्या तोंडून मुलगी हा शब्द ऐकून आईनं मान खाली घातली नाही.

हा सण सुरू झाला तो पूर्वेकडं, जेरुसलेमच्या भागात, सहाव्या शतकाच्या सुमारास. सातव्या शतकाच्या अखेरीस पोप सर्जियस यांनी रोममध्ये या दिवशी मिरवणूक सुरू केली. ८ डिसेंबरला कॅथलिक लोक मरियेच्या गर्भधारणेचा सण पाळतात. तिथून ८ सप्टेंबरपर्यंत मोजा, बरोबर नऊ महिने होतात. कॅथलिक लोक मरियेला देव मानत नाहीत. ती देवाची आई, आपल्यासाठी देवाकडं शब्द टाकणारी, म्हणून तिला मान. येशूला ते सूर्य म्हणतात, तर मरियेचा जन्म म्हणजे सूर्य उगवण्याआधीची पहाट. प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोक मरियेकडं अशी प्रार्थना करत नाहीत, म्हणून सगळ्याच ख्रिस्ती घरांत हा सण दिसणार नाही.

महाराष्ट्रात या सणाचं सगळ्यांत नावाजलेलं ठिकाण म्हणजे मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवरची मोतमावली. पोर्तुगीज भाषेत डोंगराला मोंते म्हणतात. त्याला आपल्या लोकांनी मावली जोडली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज पाद्र्यांनी तिथं मरियेची मूर्ती आणली. १७०० मध्ये अरब लुटारूंनी मूर्तीचा हात तोडला, असं सांगतात. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या लढाईच्या धामधुमीत तिथलं चर्च पडलं. मूर्ती समुद्रात एका कोळ्याला सापडली, अशी आठवण कोळी लोक सांगतात. १७६१ मध्ये चर्च पुन्हा उभं राहिलं. आजची इमारत १९०४ ची आहे.

८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून तिथं आठवडाभर जत्रा भरते. हिंदू, मुसलमान, पारशी, सगळे जातात. आपण नवस फेडताना देवीला चांदीचे डोळे किंवा पाळणा वाहतो. तिथं मेणाच्या वस्तू वाहतात. हात दुखत असेल तर मेणाचा हात, पाय दुखत असेल तर पाय, घर हवं असेल तर घर, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ. आपल्याला जवळचं ठिकाण म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूरजवळचं हरेगाव. तिथंही सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. आपल्या परभणीचे कॅथलिक लोक १९७७ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतात. परभणीच्या उरुसाला जशा सगळ्या जातीधर्माच्या बाया जातात, तशीच या यात्रांची गर्दी.

आता यात विचार करण्यासारखी एक गोष्ट आहे. ते मेणाचं बाळ वाहताना एखादी बाई मनात मुलगाच मागत असेल, तर ती मागते आहे ती एका मुलीच्या वाढदिवसाला. पण त्या बाईला दोष देऊन काय होणार? मुलगा मागायला तिला घरानं आणि गावानं शिकवलेलं असतं. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा तर १९९४ चा.

या दिवशी चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी जो बायबलचा भाग वाचतात, तोही ऐकण्यासारखा आहे. ती येशूची वंशावळ आहे. याचा बाप हा, त्याचा बाप तो, अशी पुरुषांच्या नावांची लांबलचक यादी. तिच्यात मधेच चार बायका येतात. त्यातली एक रूथ, परक्या मुलखातली विधवा, सासूला सोडून न जाता दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून दोघींचं पोट भरणारी. एकीचं तर नावही दिलेलं नाही, नुसतं उरियाची बायको. आणि यादी संपते तेव्हा योसेफ येशूचा बाप असं म्हटलेलं नाही. योसेफ हा मरियेचा नवरा आणि मरियेच्या पोटी येशू जन्मला, असं म्हटलं आहे. शेवटी ओळख आईवरून आली.

आपल्याकडं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदावर त्याच्या नावानंतर आईचं नाव येतं, मग वडिलांचं, मग आडनाव. जन्माचा दाखला काढताना हे नीट बघून घ्या, चूक झाली असेल तर ग्रामपंचायतीतून दुरुस्त करून घ्या.

दुसऱ्याचा सण समजून घ्यायला आपला धर्म सोडावा लागत नाही. गंगाखेडची जनाबाई आपल्याच जिल्ह्यातली. दासी म्हणून दुसऱ्याच्या घरी राबली, पण आज तिचं नाव घराघरात आहे. ती जन्मली त्या दिवशी कुणी पेढे वाटले असतील का? मरिया जन्मली तेव्हा तिनंही अजून काही केलेलं नव्हतं. तरी कॅथलिक लोक तिच्या जन्माचाच दिवस पाळतात.

तेव्हा सप्टेंबरच्या बैठकीत हप्ते आणि कर्जाचा हिशेब झाला की एक काम करू. वर्षभरात आपल्या गटातल्या ज्या घरात लेक जन्मली, तिच्या आईला बोलवू, तिची ओटी भरू. गावात ख्रिस्ती कुटुंब असेल, तर त्या ताईलाही बोलवू आणि ८ सप्टेंबरला त्यांच्या घरी काय करतात ते तिच्याच तोंडून ऐकू.